वाचकांचे प्रश्न : कर्ज कोणाचं, यावर माफी ठरते

प्रश्न : चर्चच्या ‘ज्युबिली 2000’ चळवळीमुळे आफ्रिकी देशांची कर्जं माफ झाली म्हणतात. मग झांबिया 2020 मध्ये पुन्हा का बुडाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : दर पन्नासाव्या वर्षी गेलेली जमीन परत, ऋणापायी दास झालेले मोकळे, हा बायबलच्या लेवीय ग्रंथातला (अध्याय 25) दंडक चळवळीने पुढे केला. 16 मे 1998 रोजी बर्मिंगहॅमला जी-8 या बड्या देशांच्या गटाच्या परिषदेभोवती सुमारे 70,000 लोकांनी मानवी साखळी केली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोनमधल्या परिषदेत माफीचे निकष सैल झाले.

पण सैल म्हणजे सरसकट नव्हे. आधी हप्ते कमी होतात. नाणेनिधीच्या अटी पाळल्या की मगच मुद्दल कायमचं सुटतं. झांबियाला या दोन टप्प्यांमध्ये डिसेंबर 2000 ते एप्रिल 2005 इतका काळ लागला. पगारखर्चावरच्या मर्यादेमुळे 2004 मध्ये हजारो प्रशिक्षित शिक्षक घरी बसून होते, आणि वर्गांना शिक्षक नव्हते! सुमारे 7 अब्ज डॉलरचं कर्ज अखेर एक अब्जाच्या आत आलं. म्हणून सहा अब्ज हातात पडले असं नाही. वाचतो तो वर्षाचा हप्ता. एप्रिल 2006 पासून ग्रामीण दवाखान्यांतली फी रद्द झाली. रांगा वाढल्या, औषधं आणि परिचारिका त्या वेगाने वाढल्या नाहीत.

आता खासगी सावकार. मोर्चे, सह्या, प्रार्थना यांचा दाब मतं मागणाऱ्या सरकारांवर पडतो, खासगी गुंतवणूक फंडांवर नाही. रुमानियाने 1979 मध्ये झांबियाला ट्रॅक्टरसाठी दिलेलं कर्ज ‘डोनेगल इंटरनॅशनल’ या खासगी फंडाने 1999 मध्ये सुमारे 33 लाख डॉलरला विकत घेतलं, साडेपाच कोटींचा दावा लावला आणि 2007 मध्ये लंडनच्या कोर्टातून दीड कोटीहून अधिक मिळवले. त्यानंतर 2010 मध्ये ब्रिटनने अशा वसुलीला लगाम घातला, पण जुन्या कर्जांपुरता. झांबियाने 2012 ते 2015 दरम्यान तीन अब्ज डॉलरचे रोखे काढले, शिवाय चीनकडून उचल केली. नोव्हेंबर 2020 मध्ये रोख्यांवरचं 4.25 कोटी डॉलरचं व्याज थकलं. असे रोखे बहुधा लंडन किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली निघतात. म्हणूनच आताची खरी लढाई या कायद्यांची आहे. आमच्या मते चर्चने याकडे फार उशिरा लक्ष दिलं.

प्रश्न : लुसाकाचे जेझुइट ‘गरजांची टोपली’ काढतात, तसं आमच्या धर्मग्रामात जमेल का? – एक वाचक, वसई

उत्तर : जमेल. लुसाका ही झांबियाची राजधानी. तिथलं जेझुइट या कॅथलिक संघाचं केंद्र दर महिन्याला एका कुटुंबाचा खर्च मोजतं. जुन्या यादीत सहा जणांसाठी मक्याच्या पिठाच्या 25 किलोच्या तीन पिशव्या, कोळशाची 90 किलोची दोन पोती, कापेंटा ही सुकी मासळी, साबण, घरभाडं वगैरे होतं. ही बेरीज शिक्षक-परिचारिकांच्या पगाराशेजारी छापली जाते, आणि कामगार संघटना पगाराच्या बोलणीत तीच पुढे करतात.

तुम्ही यादी आणि मापं आधी पक्की करा. दर महिन्याला त्याच आठवड्यात, त्याच तीन-चार दुकानांतून भाव घ्या. फसगत बहुधा मापात होते : पाच किलोची पिशवी संपली म्हणून एक किलोच्या पुडीचा भाव पाचने गुणला, की भाववाढ नसतानाही दिसते. असा महिना रिकामा सोडा. कुटुंबातली माणसं बदललीत तर जुनी बेरीज नव्याशी ताडू नका. लुसाकाची टोपलीही पुढे पाच जणांची झाली. भाड्याची ओळ वेगळी ठेवा, नाहीतर वसईत तीच सगळं झाकून टाकेल.