मधला भाग गाळला तर चालेल का?

प्रश्न: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग झपाटल्यासारखा संपवला. आता दुसरा, 'द टू टॉवर्स', रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचतोय, पण अर्धं पुस्तक होत आलं तरी नायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांचा पत्ताच नाही, नुसती बाकीच्यांची पळापळ. पिक्चर बघितलाय, स्टोरी माहितीये. डायरेक्ट तिसरा भाग घेऊ का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: अहो नका! फ्रोडो आता येईलच, थोडी पानं राहिली असतील तुमची. टोल्किननं ही एकच मोठी कादंबरी लिहिली होती, युद्धानंतर कागद महाग म्हणून प्रकाशकानं तिचे तीन भाग केले, आणि या मधल्या भागाचा पहिला अर्धा फ्रोडोपासून ताटातूट झालेल्या अ‍ॅरागॉर्न मंडळींचा तर दुसरा अख्खा फ्रोडो-सॅमचा. २००२ च्या पिक्चरमध्ये दोन्ही एकाआड एक दाखवलंय, त्यामुळे तिकडे काय चाललंय ते आपल्याला सतत कळत राहतं. पुस्तकात अ‍ॅरागॉर्नला फ्रोडोची खबर नाही, म्हणून आपल्यालाही नाही. तुमची चिडचिड होतेय ना, ती व्हायलाच हवी.

आणि पळापळ कसली म्हणता, अ‍ॅरागॉर्न मंडळींनी चार दिवसांच्या आत ४५ लीग, म्हणजे २१५ किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ ठाणे ते शिर्डी, अंतर कापलं, तेही धावत!

स्टोरी माहितीये हे तर विसराच. पिक्चरमधला सरदार फॅरामिर फ्रोडोला धरून ऑसगिलिआथ शहरात नेतो, पुस्तकातला नेत नाही. हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईला येणारी एल्फांची फौज ही पिक्चरवाल्यांची भर, आणि शेलॉब या राक्षसी कोळिणीची गुहा त्यांनी तिसऱ्या पिक्चरला ढकलली, मूळात ती इथेच आहे.

माझा लाडका प्रसंग सशांचा. फ्रोडो-सॅमचा वाटाड्या गॉलम दोन ससे मारून आणतो, सॅम ते शिजवायला घेतो, तमालपत्र वगैरे हवं आणि बटाटे पण हवेत म्हणतो, आणि गॉलम नुसता कळवळतो की चांगल्या मटणाची वाट लावली. मग जेवण होतं, आणि त्याच चुलीचा धूर झाडांवर जातो आणि फ्रोडो-सॅम फॅरामिरच्या माणसांच्या हाती लागतात. एवढ्या मोठ्या युद्धकथेत रश्शापायी पकडले जाणं मला तरी फार आवडतं.

शेवट सांगत नाही. हा भाग नोव्हेंबर १९५४ मध्ये आला आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये, तेव्हाचे वाचक अकरा महिने लटकून राहिले, तुम्ही मात्र तिसरा आधीच आणून ठेवा.