हार्ट ॲटॅकमधून मी वाचलो, आणि मध्ये चाळीस मिनिटं वाया घालवली

तुम्ही विचारलंय की अचानक झटका आला तेव्हा नेमकं काय जाणवतं, माणूस वाचतो कशामुळे, आणि जिना चढताना तुमच्या वडिलांच्या छातीत जे दडपण येतं ते खरंच ॲसिडिटीचं असेल का. डॉक्टर मी नाही. वयाच्या ५३व्या वर्षी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी मला झटका आला, तेवढंच सांगू शकतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. स्टुलावर उभा राहून मी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधत होतो. तोरंजन, आंबाडे, कवंडळं, सुपारीचा घड, सगळं वर हात करून एकेक सुंभाने बांधायचं. तास-दीड तास ते केलं की खांदे भरून येतातच. त्यामुळे डावा खांदा आणि जबडा दुखायला लागला तेव्हा मी माटोळीलाच बोल लावला. छातीत कळ म्हणावी अशी नव्हतीच. पोटाच्या वरच्या टोकाला कोणी तरी गुडघा टेकवून बसलंय, असं वाटत होतं. मळमळ होत होती. आणि घाम! बाहेर पाऊस, हवेत गारवा, आणि माझ्या बनियनमधून पाणी निथळतंय. पिळला असता तर धार लागली असती. असा थंड, चिकट घाम मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तरी मी म्हटलं, गॅस. कारण दोनच दिवसांपूर्वी चिबडांची पिशवी घेऊन चढण चढताना असंच झालं होतं, आणि एका दवाखान्यात दाखवलं तर ईसीजी न काढताच ॲसिडिटीच्या गोळ्या हातात पडल्या होत्या. मीही खूश होऊन घरी आलो. पुन्हा विचारायची मला तरी कुठे हौस होती?

सोलकढी प्यालो, ओवा चघळला, फेऱ्या मारल्या. बायको स्वयंपाकघरात नेवऱ्या तळत होती. त्या दिवशी तिचा हरितालिकेचा उपास, म्हणजे कोणासाठी ते सांगायला नको. ती बाहेर आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि सरळ पुतण्याला म्हणाली, "१०८ लाव." मी म्हणतोय, अगं उद्या चवथ, घर पाहुण्यांनी भरलंय, स्कूटरवरून जाऊन येतो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आता बोलू नका." एवढं होईपर्यंत दुखणं सुरू होऊन चाळीस मिनिटं गेली होती.

गाडी येईपर्यंत शेजारच्या काकांनी खिशातून त्यांची सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की घ्यायची रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, काढली, जिभेखाली ठेव म्हणाले. बायकोने ठेवू दिली नाही. तिला त्यातलं काही कळत होतं असं नाही, परक्याची गोळी नको एवढंच. नंतर डॉक्टर म्हणाले, बरं केलं. माझा झटका हृदयाच्या खालच्या भागाचा होता, बीपी आधीच ९०वर आलेलं, त्या गोळीने ते आणखी कोसळलं असतं. ॲस्पिरिनचं वेगळं. ॲलर्जी आहे का, पोटात कधी रक्तस्राव झालाय का, असं विचारून १०८च्या माणसाने ती मला गाडीतच चावून खायला लावली. चावली की लवकर भिनते.

आता तुमच्या 'कशामुळे वाचलात'चं उत्तर. पाहुण्यांचा आग्रह होता, थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या मोठ्या इस्पितळात न्या. आमच्याकडून तो रस्ता तासाहून जास्त, पावसात आणखी. १०८वाल्याने ऐकलं नाही, जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. गोव्यात २०१८पासून अशी सोय आहे: छोट्या केंद्रात ईसीजी काढायचा, तो तिथूनच तज्ज्ञांना पाठवायचा, आणि झटका पक्का ठरला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं. मग पुढे गोमेकॉ. हृदयाचा स्नायू रक्ताविना मिनिटामिनिटाला मरत असतो, तो मोठं इस्पितळ यायची वाट बघत नाही.

इंजेक्शनचं नाव टेनेक्टेप्लेज. त्याचा डोस वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टरांनी वजन विचारलं. मी म्हटलं ७८. बायको म्हणाली, ८४. डॉक्टरांनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि तिचा आकडा धरला. झोपल्या जागीही मला लाज वाटली! पाऊण-एक तासाने तो पोटावरचा गुडघा उठला. मॉनिटरवर ठोके जरा वेडेवाकडे धावले, नर्स म्हणाली, नस उघडताना असं होतं. माझ्या बायकोचा चेहरा मात्र त्या वेळी बघण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, घरी गणपती बसत असताना, बांबोळीला मनगटातून अँजिओग्राफी झाली. उजवी धमनी ९० टक्के बंद. एक स्टेंट. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. हात थोडा गरम लागला, बस्स.

खरा त्रास घरी आल्यावर. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वर्षभर न चुकता, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, सिगारेट बंद, हे सगळं जमलं. जमलं नाही ते रात्रीचं. जरा ढेकर अडला की मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायचे. तीन-चार महिने असंच चाललं. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्या वडिलांचं सांगायचं तर चढल्यावर दडपण येतं आणि थांबल्यावर जातं, हे माझ्या त्या चिबडांच्या पिशवीसारखंच वाटतंय. ॲसिडिटी जिना ओळखत नाही. ईसीजी काढाच, पण तो नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. आरामात झोपवून काढलेला ईसीजी बऱ्याचदा नॉर्मल येतो. हृदयाच्या डॉक्टरांना "चढताना होतं, थांबलं की जातं" हे याच शब्दांत सांगा, पुढची तपासणी ते ठरवतील. आणि दडपण बसल्या जागी आलं, किंवा थांबूनही पाच मिनिटांत गेलं नाही, किंवा सोबत घाम फुटला, तर स्कूटरची चावी लपवा आणि १०८ लावा. वडील "उद्या बघू" म्हणतीलच, मीही म्हटलं होतं.