मध लावा, पण ओल्या अंगाला

थंडी पडली की मधाचे प्रश्न येतातच, यावेळी जरा जास्तच आलेत.

ताई, थंडीत माझे हातपाय पांढरे पडतात, उलतात, खाज सुटते. आमच्याकडे बोअरचं पाणी, इतकं जड की साबणाला फेसच येत नाही. सातपुड्यातला चांगला मध घरी आहे, रोज चोळते पण थोड्या वेळाने अंग आणखीच ओढल्यासारखं होतं. काय करू? – एक वाचक, चोपडा

ताई, मध चांगलाच आहे, पण तुम्ही तो कोरड्या अंगाला लावताय. मधात साधारण 80 टक्के साखर आणि 17-18 टक्के पाणी असतं, तेल अजिबात नसतं. त्याचं काम पाणी धरून ठेवायचं, आणि आपल्या खान्देशातली थंडीतली हवा एवढी कोरडी की तिच्यातून धरायला पाणी मिळतच नाही. म्हणून पाणी आपणच द्यायचं. आंघोळ कडकडीत नको, कोमट पाण्याने करा, आणि शेवटी अर्धा मग कोमट पाण्यात दोन चमचे मध नीट विरघळवून ओल्या हातापायांवर चोळा, पाच-दहा मिनिटं मोरीतच बसा, मग साध्या पाण्याने धुऊन टाका. बोटांत धरला की तार सुटणारा मध पाणी लागलं की लगेच निघतो, त्यामुळे घासत बसू नका. टॉवेलने नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवरच तिळाचं नाहीतर खोबरेल तेल लावायचं. हे तेल चुकवलंत तर मधाचा सगळा उपयोग वाया जातो, कारण धरलेलं पाणी उडू न देण्याचं काम तेलच करतं. जड पाण्यातला चुना आणि साबण मिळून जो चिकट थर अंगावर बसतो ना, तो मधाने जात नाही, त्यासाठी साबण कमी करा, हातापायांना डाळीचं पीठ आणि साय पुरे. आणि हो, मोरीत भरपूर पाणी ओता, नाहीतर मुंग्या येतील.

मधाची खाली साखर झाली, भेसळीचा असेल का? लावायला चालेल? – यावल

चालेल की. मधातलं ग्लुकोज थंडीत दाण्यासारखं बसतं, 14 अंशांच्या आसपास तर सगळ्यात लवकर, आणि आपल्याकडच्या रात्री त्याहून थंड असतात. साखर झाली म्हणजे भेसळ, असं नाही. बरणी कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर मुळीच नको, जास्त तापवला तर त्यातले उपयोगी घटक मरतात. पाण्यात थेंब टाकून नाहीतर वात पेटवून केलेल्या परीक्षांवर विसंबू नका, भेसळ खात्रीने कळते ती लॅबमध्येच.

लिंबू-मध लावून शेतात गेले, गालावर काळे डाग पडलेत. – पारोळा

डाग लिंबाचे आहेत हो. लिंबाचा रस आधीच फार आंबट, आणि त्यात असे पदार्थ असतात की ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, कधी फोड येतात, मग काळं पडतं आणि ते जायला महिने लागतात. लिंबू आजच बंद करा, उन्हात जाताना स्कार्फ बांधा, आणि चिघळलं असेल तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. मध एकटा लावा, हवं तर पिकलं केळं कुस्करून त्यात घाला, केळ्याने डाग जाणार नाहीत पण चेहरा मऊ लागतो. ज्यांना फुलांच्या परागकणांची किंवा मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी लावूच नये, बाकीच्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस थांबा.

मध लागला तर भुवया पांढऱ्या होतात का? – अमळनेर

नाही होत. केसाचा रंग मुळाशी तयार होतो, वरून लावून दहा मिनिटांत धुतलेला मध तिथे काही करत नाही. बिनधास्त लावा.

सून बाळंतीण आहे. बाळाच्या मालिशच्या तेलात थेंबभर मध घातला तर? आमच्याकडे बाळ जन्मलं की मध चाटवतातही. – धुळे जिल्हा

काकू, इथे मात्र माझं ऐकाच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध ना चाटवायचा ना अंगाला लावायचा. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात, आणि घरी उकळून ते मरत नाहीत. मध शुद्ध असला, जंगलातला असला तरी हेच. मालिशच्या वेळी बाळाची मूठ सारखी तोंडात जाते, म्हणून तेलातही नको. कुणी चाटवला असेल आणि बाळाला शी होत नसेल, दूध ओढायची ताकद नसेल, रडणं बारीक झालं असेल, मान टाकत असेल तर रात्र असली तरी लगेच दवाखान्यात न्या, आणि मध दिला होता हे डॉक्टरांना आधी सांगा. मालिशला नुसतं खोबरेल घ्या, आणि सुनेच्या हातापायांना वर सांगितलेलं मधाचं पाणी खुशाल लावा, फक्त बाळाला घ्यायच्या आधी तिने हात आणि छाती स्वच्छ धुवायची.