पाणबुडी न्यायला आणि पाण्यात सोडायला बोटीची ट्रॉली चालेल का?

तुम्ही लिहिलंय की दोन माणसांची, साधारण दोन टनांची पाणबुडी कोल्हापुरात बांधताय आणि ती कोकणात नेऊन पाण्यात सोडायची आहे. मी उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या नेहमीच्या, बोटींच्या अधूनमधून. बोटीची ट्रॉली तुम्हाला रस्त्यावर चालेल, पाण्यात नाही.

दोन टनांची बोट पसरट असते, फूट-दीड फूट पाण्यात तरंगते. पाणबुडी वर आली तरी तिचा बहुतेक भाग पाण्याखालीच असतो. तुमच्या मापाला, बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाक्या रिकाम्या असताना सुद्धा सव्वा ते दीड मीटर पाणी लागेल. १.४ मीटर धरू. ट्रॉलीवरची बैठक, म्हणजे पाणबुडी जिच्यावर टेकते तो आधार, जमिनीपासून ६० सेंटिमीटर असेल, तर तिथे २ मीटर पाणी हवं. उतार १ला ८ असेल, तर पाण्याच्या काठापासून १६ मीटर आत जायला लागतं. आणि मागची बाजू आधी तरंगते, म्हणून हा हिशोब पुढच्या बैठकीचा धरायचा. तोवर गाडीचं काय होणार?

म्हणून सगळं डिझाइन उंचीभोवती फिरतं. बैठक १० सेंटिमीटर खाली आली की ८० सेंटिमीटर आत जाणं वाचतं. आरपार एक्सल टाकूच नका. दोन्ही बाजूंना तुकडा-एक्सल, म्हणजे एकेका चाकापुरता आखूड एक्सल, लावा आणि पाणबुडी चाकांच्या मधोमध खाली बसवा. बैठक २५ सेंटिमीटरवर आणता आली, तर १६चे साधारण १३ मीटर होतात. गाडीला ट्रॉली जोडणारा तेवढा लांब दांडा कुणी करत नाही. पुढे एक चाक द्या, ते सरळ लॉक करा, गाडी वर कोरड्यात उभी करून वायररोपने ट्रॉली सोडा.

बैठकीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथे पैसे वाचवायचा मोह होतो. पाण्याचा दाब चहूबाजूंनी सारखा येतो म्हणून गोल हल, म्हणजे पाणबुडीचं बाहेरचं कवच, टिकतो. त्याला एका जागी पोचा पडला की गोलाई बिघडते आणि ती पूर्वीएवढी खोली सोसत नाही. घाटातल्या खड्ड्यांत एका पट्टीवर सगळा भार आला, तर नेमकं तेच होतं. आधार फक्त हलला आतून मजबुती देणाऱ्या रिंगांच्या खाली द्या, आणि हलला खालून १२० अंशांपर्यंत कवेत घेणारा. वरून जाड रबर लावा. साखर कारखान्यातला जुना कन्व्हेयर बेल्ट यासाठी झकास, भंगारात मिळतो. तळाला संकटात सोडून द्यायचं वजन असेल, तर त्यावर भार टाकायचा नाही.

आधार अर्धा सुटलेला असताना पाणबुडी डुगडुगते, म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याच्या वर येतील असे उंच खांब हवेत. परत घेताना बुडालेली बैठक कुठे आहे, हे पण त्यांच्यावरूनच कळतं. बाहेर काढताना टाक्यांत अडकलेलं पाणी सोबत येतं, तेव्हा मजबुती कोरड्या वजनावर धरू नका.

ब्रेक ट्रॉलीला स्वतःचे पाहिजेत. आंबा घाट असो की गगनबावडा, दोन टन मागून ढकलत असतात. घाट उतरून आल्यावर चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो मधला भाग, तापलेले असतात. तसेच पाण्यात घातले, तर आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. चहा प्या, हब गार होऊ द्या.

साधा रंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही, हॉट डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा, करून घ्या. चौकोनी पाइपांना आधीच भोकं पाडा. बंद पाइप ४५० अंशांच्या जस्तात फुटू शकतो. त्याच भोकांतून पुढे पाणी आत शिरतं आणि ट्रॉली हलकी होऊन उचलली जात नाही.

खरं सांगायचं तर वर्षातून दोनदाच पाण्यात सोडणार असाल, तर एवढा खटाटोप नको. रस्त्यापुरती ट्रॉली करा आणि जेट्टीवर हायड्रा क्रेन बोलवून पट्ट्याने उचलून सोडा. त्यासाठी हलवर उचलायचे कडे मात्र आत्ताच, बांधकामातच लावून घ्या. कुठल्याही ट्रॉलीला आरटीओची नोंदणी लागते, आणि जेट्टीसाठी सागरी मंडळाला आधी विचारा.

पूर्ण वजन, तळापर्यंतची खोली, वजनाचा मध्य कुठे येतो आणि कुठल्या जेट्टीवर उतरवणार, एवढं लिहा. मग एक्सल कुठे ठेवायचा ते सांगता येईल.