कुजलेल्या मृतदेहावरून मृत्यूची वेळ खरंच कळते का? आणि त्यासाठी माणसांचे देह खरोखर उघड्यावर ठेवतात का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' आहे. फक्त मालिकांमध्ये तज्ज्ञ वाकून बघतो आणि 'रात्री साडेदहाला मेला' असं सांगून मोकळा होतो, तसं प्रत्यक्षात होत नाही. मी फॉरेन्सिक मानवशास्त्रातली आहे, म्हणजे आमच्याकडे देह येतो तोच मुळी उशिरा. पहिल्या एक-दोन दिवसांत शरीर किती गार पडलंय, किती ताठरलंय, रक्त खालच्या बाजूला कुठे साकळलंय यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. त्या खुणा विरल्या की आमचं काम सुरू होतं, आणि तिथे तासांची भाषा संपलेली असते.

हा अभ्यास उभा राहिला त्यामागे एक गाजलेली चूक आहे. डिसेंबर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, फ्रँकलिन इथे एक जुनी कबर उकरलेली सापडली. आत एक मस्तक नसलेला देह होता आणि मांस अजून गुलाबीसर होतं. मानवशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी अंदाज दिला की मृत्यू होऊन फार तर वर्षभर झालं असेल. तो देह निघाला कर्नल विल्यम शाय यांचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली नॅशव्हिलच्या लढाईत पडलेल्या अधिकाऱ्याचा. रसायनं भरून टिकवलेला देह बंद ओतीव लोखंडी पेटीत होता, म्हणून तो कुजला नव्हता. अंदाज ११३ वर्षांनी चुकला! बास यांनी ही चूक लपवली नाही. कुजण्याबद्दल आपल्याला फारच कमी माहिती आहे हे त्यांनी मान्य केलं आणि १९८१ मध्ये नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात दान केलेले देह उघड्यावर ठेवून नोंदी घ्यायला सुरुवात केली. ऊन, सावली, उथळ खड्डा, पाणी, गाडीची डिकी, गुन्हेगार जिथे जिथे प्रेत टाकतात त्या साऱ्या परिस्थिती तिथे तपासल्या गेल्या. पुढे टेक्सासमध्ये, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ आणि ॲमस्टरडॅममध्येही अशी केंद्रं उभी राहिली.

आता शरीरात काय होतं ते सांगते. प्राणवायू थांबला की पेशींमधली पाचकद्रव्यं पेशीच पचवू लागतात आणि आतड्यातले जिवाणू मोकाट सुटतात. पहिला हिरवट डाग बहुतेक वेळा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दिसतो, कारण मोठ्या आतड्याची सुरुवात तिथे कातडीच्या अगदी जवळ असते. मग शिरांचं काळपट जाळं उमटतं, वायूने देह फुगतो, कातडी सुटते. हाताची कातडी तर हातमोज्यासारखी सबंध निघते. ती टाकून देत नाहीत. तपासनीस स्वतःच्या रबरी मोज्यावर ती अलगद चढवतो आणि त्या बोटांचे ठसे घेतो. ओळख न पटलेल्या देहाला नाव मिळतं ते कधीकधी असंच.

हे सगळं किती दिवसांत होतं, यावर सर्वांत जास्त सत्ता तापमानाची. त्यामुळे आम्ही नुसते दिवस न मोजता रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करतो. २५ अंशांचे १० दिवस म्हणजे २५०, आणि १० अंशांचे २५ दिवस म्हणजेही २५०, दोन्हीकडे देह साधारण सारख्याच अवस्थेत असतो. २००५ मध्ये मेगायसी आणि सहकाऱ्यांनी डोकं-मान, धड आणि हातपाय यांना वेगवेगळे गुण देऊन त्यावरून ही बेरीज काढायची पद्धत मांडली. तरीही उत्तर येतं ते 'अमुक ते अमुक दिवस' असंच. कपडे, पाणी, पुरलेली जागा, देहातली चरबी, सगळ्यानेच आकडा सरकतो. टेक्सासच्या केंद्रात गिधाडं महिनाभर एका देहाकडे फिरकली नाहीत, आणि आली तेव्हा काही तासांतच सांगाडा उरला. हे ठाऊक नसलेला माणूस तो सांगाडा बघून काही महिने उलटलेत असंच म्हणेल.

माश्यांचं काम मला सगळ्यात विलक्षण वाटतं. निळ्या-हिरव्या माश्या संधी मिळाली तर काही मिनिटांत येतात आणि अंडी घालतात ती ओलसर जागी, डोळे, नाक, तोंड. तिथे अळ्या असणं स्वाभाविक. पण तळहातावर, मनगटावर अळ्यांचा घोळका असेल तर मी थांबते. शाबूत कातडीत माशीला तिथे काही मिळत नाही, म्हणजे बहुधा तिथे जखम होती, आणि तळहातावरची जखम वार अडवताना होते. मांस गेलेलं असलं तरी ही खूण हाती लागते आणि मग खालच्या हाडावर पात्याचा ओरखडा शोधायचा. कोषांचंही तसंच. अळी कोषात जाते आणि माशी होऊन बाहेर पडली की रिकामा कोष मागे राहतो. अंड्यापासून माशी व्हायला हवामानानुसार साधारण दोन-तीन आठवडे जातात, कडक उन्हाळ्यात दहाएक दिवस. आरोपी म्हणतो 'परवाच भेटलो' आणि देहाखालच्या मातीत याच माश्यांचे रिकामे कोष सापडले, तर त्याचं म्हणणं टिकत नाही. या शास्त्राचा खरा उपयोग मला इथे दिसतो. नेमकी वेळ सांगता येत नसली तरी खोटी वेळ खोडून काढता येते.

'डुकरांवर प्रयोग करून भागत नाही का?' असंही लोक विचारतात. बरीच वर्षं तेच केलं गेलं. पण टेनेसीत माणसं, डुकरं आणि ससे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा डुकरांचा क्रम माणसाशी जुळला नाही आणि माणसामाणसांतला फरकही खूप मोठा निघाला. कोर्टात कुणाचं तरी आयुष्य पणाला लागलेलं असताना डुकराच्या आकड्यांवर मी साक्ष देणार नाही. अलीकडची आशा सूक्ष्मजीवांकडून आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या हवामानांतल्या तीन केंद्रांवर ३६ देह ठेवले होते. हवामान बदललं तरी कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तोच गट सगळीकडे आढळला, म्हणजे त्यांच्यातल्या बदलांवरून मृत्यूची वेळ काढता येईल अशी आशा आहे.

राहिला देहांचा प्रश्न. ते बेवारस उचलून आणलेले नसतात. माणसं जिवंतपणी स्वतः फॉर्म भरून देतात, किंवा त्यांच्या मागे घरचे देतात, आणि सोबत वय, उंची, आजार, जुनी फ्रॅक्चर यांची माहितीही देतात. मांस गेल्यावर हाडं स्वच्छ करून विद्यापीठाच्या संग्रहात जपतात. नॉक्सव्हिलच्या विद्यापीठात माहीत असलेल्या माणसांच्या हाडांच्या मापांवरून फोर्डिस्क नावाचा संगणक प्रोग्रॅम तयार झाला आहे. कुठेतरी सापडलेल्या अनोळखी सांगाड्याची मापं मी त्यात भरते, तेव्हा त्या मापांशी ताडूनच तो स्त्रीचा की पुरुषाचा आणि उंची साधारण किती, याचा अंदाज मिळतो. तो घेऊन पोलीस हरवलेल्यांची यादी चाळायला बसतात.