आधी भिंत बघ

प्रश्न : मी मिरजेत एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॅक्टेरियाचं वर्गीकरण म्हणजे नुसती जंत्री वाटते. पाठ केलं की आठवड्यात विसरतं. त्यात टीबीचा जंतू आणि मायकोप्लाझ्मा कुठेच नीट बसत नाहीत. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : पाठ करूच नकोस. पेशीभित्तिका नीट समजून घे, निम्मं वर्गीकरण तिथेच सुटतं. मी इतकी वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्न भिंतीवरचाच विचारायचे. ‘ग्राम पॉझिटिव्ह जांभळे, निगेटिव्ह गुलाबी’ एवढं सगळेच सांगतात. का, म्हटलं की गप्प.

हान्स ख्रिस्तियान ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली जंतू रंगवून ओळखायची ही पद्धत मांडली. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन दोन्ही प्रकारांच्या पेशीत शिरतात, तिथवर सगळेच जांभळे. खरा निकाल लागतो अल्कोहोलला. ग्राम पॉझिटिव्हमध्ये पेप्टिडोग्लायकॅनचा, म्हणजे भिंतीच्या मुख्य घटकाचा, जाड थर असतो. अल्कोहोलने तो सुकून आवळतो आणि रंग आत अडकतो. ग्राम निगेटिव्हमध्ये हा थर अगदी पातळ आणि त्यावर मेदाचं बाह्यपटल. अल्कोहोल ते विरघळवतो, रंग धुऊन जातो, मग शेवटी घातलेला सॅफ्रानिन हा दुसरा रंग गुलाबी दिसतो. याच बाह्यपटलात लिपोपॉलिसॅकराइड असतं, म्हणजे एंडोटॉक्सिन, जंतूच्या भिंतीतलंच विष. ग्राम निगेटिव्ह सेप्सिसमध्ये पेशंटचं बीपी का कोसळतं, हे इथे जोडून घे. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा रेणू मोठा, तो या पटलातून आत जात नाही, म्हणून ई. कोलायवर ते चालत नाही.

आता तुझे न बसणारे जंतू. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, मग त्याला ठरावीक आकार कुठला आणि पेनिसिलिनने तोडायचं तरी काय? टीबीच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक अ‍ॅसिडचं मेण. साधा रंग आत जात नाही, म्हणून कार्बोल फुक्सिन हा लाल रंग तापवून घालायचा. एकदा गेलेला रंग २० टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडलाही दाद देत नाही. कृष्णेच्या पुराच्या पाण्यातून चालल्यावर ज्याची धास्ती असते तो लेप्टोस्पायरा. त्याला ग्राम निगेटिव्हसारखी भिंत आहे, पण अंग इतकं बारीक की ग्रामने दिसत नाही, डार्क ग्राउंड मायक्रोस्कोप लागतो. गोल, दांडी, स्वल्पविराम हे आकार स्लाइडवर आपोआप कळतील, त्यावर रात्री जागवू नकोस.

एक काम मात्र कर. एकाच स्लाइडच्या एका टोकाला दह्याचा पातळ स्मिअर घे, दुसऱ्या टोकाला हिरडीजवळचं किटण. दह्यात साय असते, म्हणून फिक्स केल्यावर आधी झायलॉलने चरबी काढ, मग ग्रामचा रंग दे. दह्याच्या टोकाला जांभळ्या दांड्या आणि गोलांच्या माळा दिसायला हव्यात. दुसरीकडे जांभळं-गुलाबी मिसळ. दहीसुद्धा गुलाबी आलं तर बहुधा अल्कोहोल जास्त वेळ झालं. पुस्तकातल्या रंगीत चित्रांपेक्षा ही एक स्लाइड जास्त शिकवते, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ताजं दही घे. जुन्या, आंबून गेलेल्या दह्यातल्या म्हाताऱ्या पेशींची भिंत खचते, त्या पॉझिटिव्ह असूनही गुलाबी दिसतात.

प्रश्न : पाणी उकळलं की जंतू मरतात, मग दवाखान्यात हत्यारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह कशाला?
– एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : प्यायच्या पाण्याला उकळणं पुरेसं आहे, कॉलरा, टायफॉइडचे जंतू त्यात मरतात. पण धनुर्वाताच्या जंतूसारखे काही जण स्पोअर, म्हणजे कठीण काळ काढायचं सुप्त रूप, बनवतात. जाड आवरणं आणि आत पाणी नावापुरतं, त्यामुळे ते उकळीत तगू शकतात. ऑटोक्लेव्हमध्ये वाफ दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, १५ मिनिटांत स्पोअरही मरतात. तत्त्व तुमच्या कुकरचंच, पण म्हणून ऑपरेशनच्या कात्र्या कुकरात घालायच्या नाहीत!