गवती चहा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सिडकोतल्या एक ताई विचारतात: गंगेवरच्या (म्हणजे नाशकातल्या गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारातून ताजी जुडी आणते, दूध-साखर-पावडरसोबत मस्त उकळते, तरी कपात वासच नाही. जुडी शिळी असते का?

ताई, जुडीचा दोष नाही हो. तो लिंबासारखा वास म्हणजे सिट्रल, गवती चहाच्या तेलात साधारण ७०-८० टक्के तेच असतं आणि ते वाफेबरोबर उडतं, म्हणजे किचनभर घमघमाट सुटला की समजायचं औषध हवेत चाललंय. पाती स्वच्छ धुवा, बोटभर तुकडे करा, आणि खालचा पांढरट दांडा बरेच जण कचऱ्यात टाकतात तो टाकू नका, खलबत्त्यात ठेचा, पाणी उकळताना दांडा आणि आलं घाला, दोन मिनिटांनी गॅस बंद करून मग पाती घाला आणि लगेच झाकण. पाच-सात मिनिटं उघडून बघायचं नाही. दूध हवंच असेल तर वेगळं गरम करून वरून घाला, पण सर्दी-खोकल्यासाठी घेताय तर बिनदुधाचाच घ्या.

मुलाला तीन दिवस ताप आहे, आई म्हणते गवती चहाचा काढा दे. देऊ का?

दादा, कोमट करून थोडा द्या, घाम येतो, नाक मोकळं होतं, कॅरिबियन बेटांवरही लोक तापात हेच गवत उकळून पितात. पण तीन दिवस ताप म्हणजे आजच डॉक्टर आणि रक्ताची तपासणी, प्लीज. नाशकात पावसाळ्यात डेंग्यू असतो, काढ्याच्या भरवशावर थांबू नका.

रात्री झोप लागत नाही, याने लागेल का? (पंचवटीतले काका)

काका, ब्राझीलमध्ये लोक शांत झोपेसाठीच पितात, पण तिथल्याच, १९८६ साली छापून आलेल्या अभ्यासात लोकांना हा चहा देऊन पाहिला तर झोपेत फरक दिसला नाही. तरी चहा पावडर न घालता घ्या, नुसत्या पातीत कॅफिन नसतं, जेवणानंतर पोट फुगत असेल तर तेही हलकं वाटतं, संध्याकाळचा नेहमीचा चहा मात्र बंद करा.

सहावा महिना चालू आहे, चालेल का?

रोजच्या चहात एखादी पात घालायची तरी आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. कडक काढा नको. बाटलीतलं तेल तर कोणीच पोटात घेऊ नये.

बाल्कनीत कुंडी लावली तरी डास येतातच!

येणारच, तेल पातीच्या आत असतं, चुरडल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि डासांसाठी विकतात ते सिट्रोनेला याच्या भावकीतलं पण वेगळं गवत आहे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचत असेल तर ते दर दोन-तीन दिवसांनी ओतून ताटली घासा, डास तिथेच अंडी घालतात.